एकेचाळिसावं कार्ड

"गणपतीला कात्री लावलीस तर बघ," सासूबाई म्हणाल्या.

मी जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात आमच्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा, हातात कात्री आणि मांडीवर अकरा महिन्यांची जुई. जुई दुपारी चाळीस मिनिटं झोपायची. त्यातली दहा मिनिटं ती खरंच झोपली आहे की माझी परीक्षा घेते आहे, हे ठरवण्यात जायची. उरलेल्या तीस मिनिटांत मला जगातल्या कर्तबगार आयांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं होतं.

"गणपतीला नाही लावत, आई. त्याच्या कडेनं कापतेय."

"कडेनं? सोंड बघ कशी कात्रीत आलीय."

"सोंड नाही ती, वेलबुट्टी आहे."

"शिकव आता मला. सत्तर वर्षं मी वेलबुट्टीलाच नमस्कार करत आले."

मोबाईलवर मी तेव्हा एका बाईच्या नादी लागले होते. ती टाकाऊतून टिकाऊ करायची. औषधाच्या खोक्यातून दागिन्यांची पेटी, जुन्या कॅलेंडरातून फुलपाखरं. तिच्या घरात धूळ नव्हती, सासू नव्हती, आणि तिचं मूल पिवळा स्वेटर घालून कोपऱ्यात गप्प बसलेलं असायचं. माझं मूल खळीची वाटी डोक्यावर उपडी करून घ्यायचं. तरी मी हट्टाला पेटले होते. जुईच्या पहिल्या वाढदिवसाची आमंत्रणं हातानं करायची, आणि तीही एक नवा कागद न आणता. पाकिटंसुद्धा नाहीत, पाकीट म्हणजे नवा कागद. कार्ड उघडंच पाठवायचं, पोस्टकार्डासारखं. एका बाजूला चित्र नि मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता नि तिकीट. माझा नवरा विक्रांत म्हणाला होता, "अगं, फोनवर एक मेसेज टाकला की झालं." मी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं स्वतःच माळ्यावर चढून गठ्ठा काढून दिला.

लग्नाच्या वेळी सासूबाईंनी सातशे पत्रिका छापून घेतल्या होत्या. कमी पडायला नकोत. पडल्या नाहीत, दीडशे उरल्या. पत्रिका टाकता येत नाही, कारण तिच्यावर गणपती असतो. ठेवता येत नाही, कारण घरात जागा नसते. म्हणून ती माळ्यावर राहते. आमच्या कराडच्या घरात बऱ्याच गोष्टींचं असंच होतं. एका माणसाचंसुद्धा.

तो माणूस म्हणजे सासूबाईंचा सख्खा धाकटा भाऊ, बळवंतमामा. शिराळ्याच्या पुढच्या एका वाडीत राहणारा. मी त्यांना तोवर एकदाही पाहिलं नव्हतं, आणि त्याला कारण हीच पत्रिका. खाली 'मामा मंडळी' म्हणून जी नावं छापली होती, त्यात बळवंतमामांच्या आधी त्यांच्या चुलतभावाचं नाव आलं होतं. छापखान्याला यादी फोनवरून सांगितली होती. ज्याचं नाव आधी आठवलं ते आधी गेलं. एवढंच. पण सख्खा मामा दुसरा आणि चुलत पहिला! मामा लग्नाला आलेच नाहीत. मंगलाष्टकांच्या वेळी विक्रांतच्या मागं चुलतमामा उभे राहिले, आणि सासूबाईंनी अक्षता इतक्या जोरात मारल्या की एक माझ्या डोळ्यात गेली.

त्याला चार वर्षं झाली होती. ते फोन करत नव्हते, ह्या करत नव्हत्या. मधल्या वर्षी सासूबाईंच्या छातीत दुखलं, सांगलीला न्यावं लागलं, आठ दिवस दवाखान्यात काढले. मामांना कळवलं होतं. मामा आले नाहीत. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आला असता तर त्याचा चहा कोण करत बसणार?"

त्याच वर्षी भाऊबीजेला मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. सासूबाई तिथं ताम्हण घेऊन उभ्या होत्या आणि चंद्राला ओवाळत होत्या. ज्या बाईला भाऊ नाही, ती चंद्राला ओवाळते. मला पाहून त्या म्हणाल्या, "काय बघतेस? हा वर्षातून एकदा तरी दिसतो." आणि चंद्राकडं पाठ करून जिना उतरून गेल्या.

तर, चाळीस कार्डं झाली. सात दिवसांत, तीस-तीस मिनिटांच्या चोऱ्या करून. प्रत्येकावर सोनेरी किनारीचा एक हत्ती, जो थोडासा डुकरासारखा दिसत होता, आणि खाली माझ्या सुबक अक्षरात: 'आमची जुई एक वर्षाची होतेय. यायचं हं!' कापून वेगळे काढलेले चाळीस गणपती मी देवघरात नेऊन ठेवले. सासूबाईंनी त्यांना रोज एक-एक फूल वाहायला सुरुवात केली आणि फुलांचा खर्च माझ्या कलेमुळं वाढला, असं जो येईल त्याला सांगायला लागल्या.

शेवटचं कार्ड ओलं होतं तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"किती झाली?"

"चाळीस."

"मोजून चाळीस?"

"यादीत चाळीसच आहेत."

"एखादं जास्त असू द्यावं. ऐन वेळी कोण आठवतं, कोण नाही."

"कोण आठवलंय?"

"मला कोण आठवणार?" त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्यांची पाण्याची टाकी होती. "उगीच आपलं म्हटलं. कागद वाया जायला नको. असाच पडून राहील."

मी पेन उचललं. "सांगा पत्ता."

त्यांनी टाकीला पत्ता सांगितला. वाडीचं नाव, पोस्ट, तालुका, पिनकोडसुद्धा. चार वर्षांत ज्या माणसाचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं, त्याचा पिनकोड त्यांना तोंडपाठ होता.

"नाव?" मी विचारलं. मीही काही कमी नव्हते.

"नाव न टाकता जात असेल तर बघ."

मी नाव टाकलं. पाठवणाऱ्याच्या जागी नेहमीसारखं 'माळवदे, कराड' लिहिलं.

एकेचाळिसाव्या कार्डासाठी हत्ती काढून ठेवलेला, नीट असा एकच जादा तुकडा हाताशी होता. नीट म्हणजे, जुईनं त्याचा एक कोपरा चघळून पार लगदा केला होता. दुसरं कार्ड करायला वेळ नव्हता. चाळीस मिनिटं संपून पंधरा मिनिटं वर झाली होती आणि ती चादरीखाली वळवळत होती. मग मला त्या मोबाईलवरच्या बाईची युक्ती आठवली. कागद कात्रीनं कापायचा नाही. पट्टी दाबून धरायची नि हातानं फाडायचा. कड मऊ, लवदार येते. हातकागदासारखी. मी तसा तो कोपरा तिरका फाडला. काय सुंदर फाटला! चाळीस कार्डांत एवढी सफाई आली नव्हती. हत्तीसुद्धा हत्तीसारखा दिसायला लागला.

"बघता का?" मी सासूबाईंना विचारलं. "मामांचं कार्ड सगळ्यांत छान झालंय."

"मला काय करायचंय बघून? गठ्ठा दे. देवळात जाताना पोस्टाच्या पेटीत टाकते."

गठ्ठा रबराला बांधून मी त्यांच्या पिशवीत दिला. सोमवार होता.

गुरुवारपासून फोन सुरू झाले. कार्ड मिळालं, किती गोड, डुक्कर काढलंय का? आम्ही सगळ्यांना हत्ती असल्याचं सांगत होतो. फोन वाजला की सासूबाई हातातलं काम थांबवायच्या. मी बोलत असताना भांडं घासल्यासारखं करायच्या, पण घासण्याचा आवाज यायचा नाही. मी फोन ठेवला की विचारायच्या, "कोण?" मी सांगायचे, "साताऱ्याच्या काकू." मग भांडं घासल्याचा आवाज यायचा.

वाडीहून फोन आला नाही.

पुढचा बुधवार. वाढदिवसाला चार दिवस होते. सकाळचे दहा वाजले असतील. मी ओसरीवर बसून उरल्यासुरल्या कागदाच्या चिंधोट्यांची माळ ओवत होते आणि जुई ती दुसऱ्या टोकाकडून खात होती. विक्रांत कामावर निघायच्या तयारीत बुटाचा जोड शोधत होता. माझे सासरे, अण्णा, पेपर वाचत होते. सासूबाई फाटकाशी मेथीवाल्याशी भांडत होत्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी मोठ्यानं हंबरडा फोडला.

"आक्का गंऽऽ! मला न भेटताच गेलीस गं आक्काऽऽ!"

धोतर, पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी, असा एक उंच म्हातारा गल्लीतून चालत येत होता. चालत कसला, भिंतींना धरत येत होता. गल्लीतली दारं उघडली. शेजारच्या उषाकाकू बाहेर आल्या, त्यांनी त्याला काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, आणि काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अर्ध्या तासापूर्वीच त्या आमच्याकडून विरजण घेऊन गेल्या होत्या, सासूबाईंच्या हातून. पण रडणाऱ्याला एकटं कसं सोडायचं?

मिरवणूक फाटकाशी आली. सासूबाई मेथीची जुडी हातात घेऊन उभ्या होत्या.

"कोण मेलंय रे?" त्यांनी विचारलं.

म्हातारा थांबला. तोंड उघडंच राहिलं. त्यानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग मेथीकडं पाहिलं.

"तू," तो म्हणाला.

"मी? कधी?"

"काल सांजेला... म्हंजे काल कळलं मला."

"आणि मला आज कळतंय. बरं झालं आलास." सासूबाईंनी मेथीवाल्याकडं वळून जुडी त्याच्या टोपलीत परत टाकली. "नको रे बाबा. मेलेल्या माणसाला काय करायचीय मेथी?"

मेथीवाला टोपली उचलून जे निघाला, तो पुढचा महिनाभर आमच्या गल्लीत आला नाही.

बळवंतमामा खाली बसले, तिथंच, फाटकाच्या दगडावर. आता ते रडत नव्हते. टोपी काढून हातात धरली होती. अण्णांनी पेपर खाली केला, त्यांच्याकडं पाहिलं, "या," म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला. अण्णांची चार वर्षांची नाराजी आणि स्वागत, दोन्ही त्यात आलं.

"पण मामा," एक बूट घातलेला विक्रांत म्हणाला, "तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कार्ड आलं की घरचं. कोपरा फाटलेलं."

"मग?"

मामांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की हा पोरगा शाळेत गेला होता की नाही. उषाकाकूंनीच मग सांगितलं. पूर्वी कुणी गेल्याचं पत्र पाठवायचं तर त्याचा कोपरा फाडत. असं पत्र हातात आलं की वाचायच्या आधीच कळायचं. ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं.

"पण त्यात लिहिलं काय होतं ते तरी वाचायचं!" विक्रांत म्हणाला.

"वाचायचा धीर झाला न्हाई, लेकरा. पोस्टमन रानातच देऊन गेला. वर बघितलं तर 'माळवदे, कराड'. अक्षर आक्काचं न्हाई. इतकी वर्षं घरचा पत्ता हिनंच लिहिला. म्हटलं, आता लिहिणारी न्हाई राहिली." त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "बांधावर दगडाखाली ठेवलं ते नि पहाटेची गाडी धरली."

"फोन तरी करायचा."

"आणि काय इचारू? गेली का, म्हणून इचारू?"

मग एकेक करून सगळे माझ्याकडं बघायला लागले. उषाकाकू, विक्रांत, पेपराच्या वरून अण्णा. जुईसुद्धा, तोंडातून निळ्या कागदाची शेपटी बाहेर काढून.

"सजावट होती ती," मी म्हणाले. "हातकागदासारखी."

"सजावट!" सासूबाई कडाडल्या. "काय ती दळभद्री कला! कचरा वेचून वेचून शेवटी मलाच कचऱ्यात घातलंस. जिवंत बाईला पोस्टानं मारलंस, तेही वाढदिवसाच्या कार्डावर! तुमच्या पुण्यात हेच शिकवतात का गं?"

माझी मान खाली गेली आणि डोळे भरले. त्या म्हाताऱ्या माणसाचा रात्रभर आणि मग अडीच तास एस.टी.त टांगणीला लागलेला जीव मला दिसत होता.

"राहू दे आक्का, पोरीला नको बोलू," मामा म्हणाले. "आयुष्य वाढलं म्हणायचं तुझं."

"वाढलं तर वाढलं. पिशवीत काय आहे?"

मामांनी पिशवी छातीशी धरली. "काही न्हाई."

"दाखव."

"न्हाई म्हटलं ना. असू दे."

सासूबाईंनी हात घालून काढलंच. हिरवंगार इरकल, लाल पदराचं, घडीही न मोडलेलं. उषाकाकूंनी पदर तोंडाला लावला. सवाष्ण बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते. ती भावानं आणायची. ते माझ्यासारख्या अडाणी बाईलाही माहीत होतं.

सासूबाईंनी पदर उलगडला, काठ दोन बोटांत चोळून पाहिला.

"कुठून घेतलीस?"

"शिराळ्यात. दुकानदाराला उठवून."

"चार भाऊबिजा झाल्या. एका भाऊबिजेला ब्लाउजपीस सुचला नाही. जाळायला बरी एवढी भारी सुचली."

मामांनी मान खाली घातली. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब पडला. त्या तशाच उभ्या राहिल्या, साडी हातावर घेऊन. मला वाटलं, आता त्या म्हणतील, ऊठ, चालता हो. चार वर्षांची सगळी वाक्यं त्यांच्या ओठांवर आलेली दिसत होती.

"काही खाल्लंयस का?" त्यांनी विचारलं.

"कालपासून न्हाई."

"मग ऊठ. सुतक नाही आलेलं अजून. हातपाय धू."

मामा जेवले. भाकरी, पिठलं, ठेचा, चार भाकऱ्या. जेवताना मध्येच थांबून वाढणाऱ्या सासूबाईंकडं बघत होते, आहे ना, अशी खात्री करून घेतल्यासारखे. जुईला मांडीवर घेतलं. तिनं त्यांची टोपी तोंडात घातली. मग आतल्या खोलीत ते आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले.

मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. चाळीस जणांना कार्डं गेल्याच आठवड्यात मिळाली होती. साताऱ्याला, पुण्याला, थेट नागपूरलासुद्धा. आणि दोन-अडीच तासांवरच्या वाडीला काल संध्याकाळी? सगळी एकाच गठ्ठ्यात, एकाच रबराला होती. मी हातातली पातेली खाली ठेवली.

सासूबाई ओट्याशी चहा ठेवत होत्या.

"आई, कार्डं तुम्हीच टाकली होती ना पेटीत?"

"मग काय देवानं टाकली?"

"सगळी सोमवारी?"

त्यांनी आलं ठेचलं. जरुरीपेक्षा जास्त ठेचलं.

"चाळीस सोमवारी," त्या म्हणाल्या.

"आणि ते?"

"ते पेटीपाशी हातात आलं. वर होतं गठ्ठ्यात. बघितलं तर कोपरा नाही." त्या आधणात साखर घालत होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या. "आधी तुझाच राग आला. म्हटलं, घरी नेऊन तोंडावर मारावं. पिशवीत ठेवलं. मग पिठाच्या डब्याखाली ठेवलं. रोज पीठ घेताना दिसायचं. सात दिवस."

"आणि?"

"परवा सोमवारी जाऊन टाकलं."

"आई!" मी म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं ते काय समजतील!"

"हळू बोल. तो झोपलाय."

"मला एवढं बोललात सगळ्यांसमोर. दळभद्री कला म्हणालात."

"नसते बोलले तर त्याला कळलं असतं." हे त्या अगदी सहज म्हणाल्या, मीठ कमी आहे म्हणावं तसं. "नुसतं वाढदिवसाला बोलावलं असतं तर आला असता का तो? चार वर्षांत आला? दवाखान्यात होते तेव्हा आला? म्हटलं, बघू तरी. मेल्यावर तरी येतो का."

चहा वर आला. त्यांनी गॅस बारीक केला आणि पदरानं कपाळ पुसलं. गॅसपाशी उभं राहिल्यानं आलेला घाम होता, असं समजायला मी तयार होते.

"आणि नसते आले तर?" मी विचारलं.

त्यांनी कपबश्या मांडल्या. एक, दोन, तीन. थोडं थांबून चौथी.

"तर मग त्या फाटलेल्या कोपऱ्यात खोटं काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "ए बळवंता, ऊठ. चहा झालाय."